रोज चार वाजता भरलेली बॅग

आधीच सांगते, मी भूतबित मानणारी बाई नाही. दृष्ट काढते, ते खरं आहे. पण दृष्ट काढणं म्हणजे काही भूत मानणं नव्हे. पोर मलूल दिसली की आपण कपाळाला हात लावून बघतो ना, तसंच ते. आमच्या गुहागरकडच्या गावात दर वळणावर काही ना काही ‘असतं’ म्हणायचे — साकवाखाली असतं, चिंचेवर असतं, शाळेमागच्या विहिरीत असतं… मी त्याच वाटेने सातवीपर्यंत शाळेत गेले, मला कधी काही दिसलं नाही. मग लग्न झालं, आणि पोराला घेऊन ह्यांच्यामागे ओमानला आले त्याला चौतीस वर्षं झाली. इथेही लोक बहल्याच्या जिनांच्या गोष्टी सांगतात. बहला आमच्यापासून अर्ध्या तासावर. मी तिथून दह्याला मडकी आणते, आजवर एकाही मडक्यातून जिन निघाला नाही.

तर अशी मी. म्हणून हे लिहायला बसायला वेळ लागला. सूनबाई म्हणाली, "आई, लिहून टाका, नाहीतर भाजीवाल्यालाही सांगत बसाल." लिहिते. शुद्धलेखनाचं बघून घ्या.

आम्ही निझव्याला राहतो. किल्ल्यापासून गाडीने दहा मिनिटांवर दुमजली घर आहे. खाली घरमालकीण उम्म सालिम, म्हणजे सालिमची आई. माझ्याच वयाची आहे. वरच्या मजल्यावर आम्ही चौघं. माझा मुलगा महेश, त्याचं एसी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. सून विद्या, इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते. नात सानिका, वीस वर्षांची, जन्म इथलाच. तिचं मराठी म्हणजे "आजी, मी जेवण केली." आणि मी. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. गावचं घर दिरांनी पाडून नवं बांधलं, त्यात माझी खोली नाही. म्हणजे माझं घर म्हणून जे काही आहे ते हेच — गॅलरीला लागून असलेली शेवटची खोली, एक पलंग, एक कपाट आणि कपाटावर माझी निळी बॅग.

ही बॅग लक्षात ठेवा.

सानिका मस्कतच्या कॉलेजात शिकते. तिथून तिला सप्टेंबर ते जानेवारी स्पेनला पाठवलं, स्पॅनिश शिकायला. सलामांका नावाचं गाव. हॉस्टेल नाही, एका घरात राहायचं, त्यांच्यातलीच होऊन. होस्ट फॅमिली म्हणतात. मला ते मुळीच पटलं नव्हतं.

"परक्याच्या घरी पाच महिने? पाहुणी म्हणून की घरची म्हणून?" मी विचारलं.

"बोथ, आजी."

"दोन्ही कधी नसतं गं."

"तू पण ना, आजी… यल्ला, बेसनाचे लाडू दे पॅक करून."

पाच महिने पुरे केले तरच तिचं ते वर्ष धरणार होते. मधे सोडून आली तर वर्ष फुकट. म्हणजे काही झालं तरी पोरीने तिथे जानेवारीपर्यंत टिकायला हवं होतं.

ज्या बाईकडे ती राहिली तिचं नाव पिलार. साठीची, एकटी, मुलगा दुसऱ्या शहरात. पहिल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तिने फोनचेच मुके घेतले. मी तिला लाडू खा म्हणून खुणा केल्या. तिने काहीतरी विचारलं, सानिका हसत सुटली. "आजी, ती विचारते हे चीज आहे का!" मी म्हटलं, बाई भोळी आहे, पोर चांगल्या घरी पडली.

तीन आठवडे बरे गेले. मग सानिकाचा आवाज बसायला लागला. विचारलं की "काही नाही." एके दिवशी विद्या शाळेत असताना मला एकटीला फोन आला.

"आजी, आईला सांगू नको. पिलारला मी नकोय."

"का गं? भांडलात?"

"मी क्लासवरून दोनला येते ना, लंचला. तर माझी बॅग बेडवर. फुल पॅक केलेली. एव्हरी डे! मी परत सगळं कपाटात लावते, दुसऱ्या दिवशी परत."

फोटो पाठवला तिने. मी चष्मा लावून बघितला. कपड्यांच्या गुंडाळ्या केलेल्या, एकीला एक चिकटून, अगदी नेटक्या. आणि सगळ्यात वर तिचे बूट, तळवे आभाळाकडे. ते बूट बघून मला कसंतरीच झालं. आपल्याकडे उलटी चप्पल दिसली की येता-जाता पायाने सुलटी करतो. आणि हे तर कपड्यांवर.

"विचार तिला सरळ," मी म्हटलं.

विचारलं तिने. तर पिलार उलट हिच्यावरच चिडली. म्हणाली, मी कशाला भरू तुझी बॅग? तूच रोज जायच्या तयारीत बसतेस, मी एवढं रांधते आणि तू बॅग भरून दाखवतेस. तुझ्याआधीच्या तिघी पण अशाच मधेच निघून गेल्या, मला वाटायचं माझ्या हाताला चव नाही… आणि बाई रडायला लागली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. एका टेबलावर जेवायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

पुढे तर वाढतच गेलं. गादीवरची चादर काढून घडी करून ठेवलेली. जेवणाच्या टेबलाची हिची खुर्ची भिंतीकडे तोंड करून. हिचं ताट सिंकखालच्या कपाटात, कचऱ्याच्या डब्यामागे. पिलार म्हणायची मी नाही, ही म्हणायची मग कोण? शेवटी पोर म्हणाली, "आजी, बाबांना सांग तिकीट काढायला. मला नको ते इयर."

दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. मंगळवार होता. इथे सव्वाचार, तिथे सव्वादोन. मी म्हटलं, थांब, तिकिटाचं नंतर बघू, आधी दृष्ट काढते.

"फोनवर?"

"मग काय, मिरच्या घेऊन विमानात बसू? गप बस. मधे बोलायचं नाही, हसायचं नाही."

फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला. मुठीत खडेमीठ, मोहरी, सात सुक्या मिरच्या. स्क्रीनमध्ये सानिका पलंगावर बसलेली, शेजारी ती भरलेली बॅग, मागे अर्धं उघडं दार. मी फोनभोवती मूठ फिरवायला लागले. "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची…" आणि का कोण जाणे, माझ्या तोंडून आलं, "ज्या घरात आहेस त्या घरातल्यांची…" तेव्हा मागचं ते दार लागलं. वाऱ्याने आपटतं तसं नाही. मूठ धरून, आवाज होऊ न देता आपण लावतो, तसं. आतून.

मला वाटलं, पिलार असेल. आत आली असेल. मी दृष्ट पुरी केली. नंतर सानिका म्हणाली, पिलार बाजारात गेली होती.

आता माझी चूक सांगते. दृष्ट काढली की ते मीठ-मिरच्या लगेच जाळायच्या असतात, हे कोणीही सांगेल. मी गॅस पेटवला, तेवढ्यात पेपर तपासत बसलेली विद्या आतून ओरडली, "आई, प्लीज, जाळू नका! मागच्या वेळी अलार्म वाजला आणि सालिम खालून आगीचा सिलेंडर घेऊन धावत आला." खरं होतं. म्हणून मी सगळं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घातलं, झाकण लावलं, संध्याकाळी बाहेर नेऊन जाळू म्हणून सिंकखाली ठेवलं. आणि… विसरले. अडुसष्टावं चाललंय मला.

दुसऱ्या दिवशी सानिकाचा फोन. "आजी! आज बॅग नाही! कपाट जसंच्या तसं!" मी देवापुढे साखर ठेवली. तोंडात चिमूट टाकत खोलीत आले. चार वाजले होते.

माझी निळी बॅग पलंगावर होती. भरलेली.

खरं सांगते, माझ्या मनात भूत आलंच नाही. माझ्या मनात विद्या आली. घरात आम्ही दोघीच. महेश रात्री येतो. त्याच आठवड्यात ती महेशला म्हणताना मी ऐकलं होतं, "आईंची खोली जरा मोकळी केली तर सानिका आल्यावर तिला अभ्यासाला होईल." साधं वाक्य. पण भरलेली बॅग समोर असली की साधं वाक्य साधं राहत नाही.  सगळं परत कपाटात लावलं. साड्यांच्या गुंडाळ्या केलेल्या होत्या, चादर गुंडाळतात तशा. मी म्हटलं, हं, ते यूट्यूबवर बघून शिकलीय वाटतं.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. गादी दुमडून भिंतीला लावलेली. बीपीच्या गोळ्या बॅगेच्या कप्प्यात. चौथ्या दिवशी माझं रेसिडेंट कार्ड आणि पासपोर्ट, वरच, पटकन हाताला येतील असे. मी आतून जळत होते. विद्याने चहा आणला की "ठेव तिथे" म्हणायचे. ती पण कमी नव्हती. भांडी घासताना असा आवाज करायची की खालच्या मजल्यावर कळावं. पाचव्या दिवशी फुटलंच.

"आई, एकदा स्पष्ट सांगून टाका ना. रोज बॅग भरून पलंगावर ठेवता, मी बघते दारातून. मला काय दाखवायचंय? गावी जायचंय तर महेशला सांगू, तिकीट काढू."

"मी भरते? मी? अगं, लाज नाही वाटत? स्वतः भरायची आणि—"

"मी का भरू तुमची बॅग?"

"खोली हवीय ना तुला!"

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "बावीस वर्षं झाली मला या घरात येऊन. बावीस वर्षांत हे ओळखलंत होय मला?" आणि दार लावून घेतलं. मी पण रडले. पण रडताना मनात हेच — नाटक करतेय.

त्या संध्याकाळी जिन्यात उम्म सालिम भेटली. माझं अरबी मोडकंतोडकं, तिचं हिंदी त्याहून मोडकं, पण चौतीस वर्षांत भागतं. ती जरा फुगलेली दिसली. म्हणाली, तुमची ती पाहुणी कोण? मी म्हटलं, पाहुणी नाही कोणी. ती म्हणाली, वरच्या गॅलरीत उभी होती, कपड्याची घडी घालत. मी सलाम केला. तिने बघितलं आणि तोंड फिरवलं. सलाम परत केला नाही.

ज्यांना इथलं माहीत नाही त्यांना सांगते, इथे सलामाला उत्तर न देणं म्हणजे तोंडावर थुंकल्यासारखं. भांडलेली माणसंही उत्तर देतात. मी तिला म्हटलं, विद्या असेल, रागात असेल, माफ कर. ती म्हणाली, विद्याला मी ओळखत नाही होय? ती बाई म्हातारी होती. आणि तिला तुम्ही कोणी आवडत नाही.

तरी मी मनावर घेतलं नाही. एवढी रागात होते मी.

सहाव्या दिवशी चार वाजता खोलीत गेले. बॅग उघडीच होती. गुंडाळ्या, त्यावर ह्यांचा फोटो पालथा, त्यावर माझी पोथी, आणि पोथीवर माझ्या चपला. तळवे वर.

 विद्याचा माझ्यावर कितीही राग असू दे, बावीस वर्षांचा सगळा राग एका जागी केला, तरी ती पोथीवर चप्पल ठेवणार नाही. ती तर जमिनीवर पडलेल्या वर्तमानपत्राला पाय लागला तरी नमस्कार करते. हे आपल्यापैकी कोणाचं काम नव्हतंच. आणि मग मला सानिकाने पाठवलेला तो फोटो आठवला. गुंडाळ्या. बूट. आकाशाकडे तळवे. सानिकाच्या तिथे थांबलं मंगळवारी. माझ्या इथे सुरू झालं बुधवारी.

मी सिंकखाली हात घातला. डबा तिथेच होता. निझव्याची हवा तुम्हाला माहीत नसेल, इथे पापड मुद्दाम वाळत घालावे लागत नाहीत. पण डब्यातल्या मिठाला पाणी सुटलं होतं, आणि सुक्या कडकडीत मिरच्या मऊ पडून फुगल्या होत्या. ओल्या. झाडावरच्यासारख्या.

विद्याच्या दारावर जाऊन म्हटलं, "विद्या, बाहेर ये. माझं चुकलं. ये आणि हे बघ." तिने बघितलं. सानिकाने पाठवलेला फोटो, माझी बॅग, डबा, तिन्ही. सानिकाचं तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, तिथेही ती चिडली, बरोबरच आहे, आई आहे ती. मग तिने कागदावर सगळे वार मांडले. गणिताची बाई. शेवटी म्हणाली, "उद्या मी बसते तुमच्यासोबत."

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना आम्ही दोघी माझ्या पलंगावर बसलो. पाय वर घेऊन, शेजारी शेजारी, समोर कपाट, त्यावर रिकामी बॅग. ऊन गॅलरीतून थेट आत येत होतं, एसी चालू होता, खाली सालिमची पोरं फुटबॉल खेळत होती. असं भर उजेडात, बोलत्या घरात. विद्या म्हणाली, "आई, आपण वेड्या दिसत असू."

आणि चादर ओढली गेली.

आमच्याखालची चादर. डाव्या कोपऱ्यातून. मी जन्मभर चादरी घातल्यात. कोपरा धरायचा, ताणायचा, गादीखाली खोचायचा. तसंच. मग उजवा कोपरा. मग थांबलं. वर कोणी बसलेलं असलं की आपण कशा थांबतो, उठा की आता, म्हणून… तसं थांबलं. मग परत ओढलं. जोरात. विद्याने माझा हात असा धरला की बांगडी पिचली. "उठायचं नाही," ती म्हणाली. दात आवळून. "आई, उठायचं नाही." आम्ही उठलो नाही. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा चादर टरकन फाटली.

मग काही नाही. समोर बघितलं तर कपाटाची दारं उघडी, आत काही नाही, वर बॅग नाही. बॅग आमच्या मागे, दाराशी उभी. भरलेली. तोंड बाहेरच्या बाजूला.

विद्या पहिलं काय म्हणाली माहीत आहे? "मी नव्हते ना आई? बघितलंत ना?" मी तिला जवळ घेतलं.

संध्याकाळी मी काडेपेटी घेतली. म्हटलं चल, वादीत, म्हणजे त्या कोरड्या नदीच्या पात्रात, नेऊन जाळून टाकू. विद्याने माझा हात धरला.

"जाळलं तर संपेल? की परत जाईल, जिथून आलं तिथे?"

"मला काय माहीत गं."

"सानिकाचे तीन महिने राहिलेत."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी काडेपेटी ठेवून दिली. डबा परत सिंकखाली ठेवला. विद्याने त्यावर कुकर ठेवला, कोणी चुकून उचलू नये म्हणून.

महेशला सांगितलं नाही. त्याने लगेच कोणातरी मौलवीला, पंडिताला, दोघांनाही आणून बसवलं असतं. सानिकालाही नाही. पिलारशी तिचं जमलं होतं, दोघी मिळून काहीतरी बटाट्याचं ऑम्लेट करायच्या, फोटो यायचे. पोर हसायला लागली होती. आणि इकडे रोज चार वाजता माझी बॅग भरली जायची, आणि रोज सव्वाचारला आम्ही दोघी ती रिकामी करायचो. विद्या साड्यांच्या गुंडाळ्या सोडायची, मी घड्या घालायचे. चपला आधी सुलट्या, मग बाकीचं. ह्यांचा फोटो पुसून जागेवर. मग चहा. इतकं बोललो आम्ही त्या दिवसांत, बावीस वर्षांत बोललो नव्हतो तेवढं.

ऑक्टोबर संपता संपता एक झालं. एके दिवशी चार वाजले तरी बॅग कपाटावरच. साडेचार, तरी तिथेच. मी म्हटलं, गेली पीडा. पाच वाजता भरलेली. दुसऱ्या दिवशीही पाचला. विद्याने मोबाइलवर शोधलं आणि तो माझ्यापुढे धरला. "आई, स्पेनमध्ये थंडीत घड्याळं एक तास मागे करतात. तिकडचे दोन म्हणजे आता आपले पाच." म्हणजे ती जी कोण होती, ती निझव्यात आली होती, पण घड्याळ तिकडचंच लावून होती.

ती आम्हाला सरावली असेल असं समजू नका. चिडतच गेली. दिवाळीत माझा फराळ सगळा कचऱ्यात, डबे धुऊन उपडे. माझ्या देवांची तोंडं भिंतीकडे. डिसेंबरात एकदा मी खोलीत शिरताना दार अंगावर आलं, मी पडले आणि मनगट मोडलं. कोणी ढकललं असं मी म्हणणार नाही, बघितलं नाही त्याबद्दल बोलू नये. पण उंबऱ्याच्या आत पाय टाकला होता आणि पडले बाहेर. महेशला सांगितलं, पाय घसरला. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये, मग विद्या एकटीने बॅग रिकामी करायची आणि मी पलंगावर बसून मोठ्याने सांगायचे, "अजून पाच आठवडे. अजून चार." त्या बाईला ऐकू जावं म्हणून. कुठल्या भाषेत कळत होतं देव जाणे.

जानेवारीअखेर सानिका आली. पोर सुखरूप, वर्ष पदरात. मस्कतच्या विमानतळावर मी तिला धरून इतकी रडले की महेश म्हणाला, आई, स्पेनला गेली होती, युद्धावर नाही.

पहिल्याच शुक्रवारी सकाळी आम्ही तिघी वादीत गेलो. कोरडी वादी, दगडगोटे, लांबवर शेळ्या. जाताना गाडीत सानिकाला सगळं सांगितलं. तिने माझ्या मनगटाकडे बघितलं आणि भडकली. "तुम्ही दोघींनी थ्री मन्थ्स हे घरात ठेवलं? माझ्यासाठी? आर यू मॅड?" विद्या म्हणाली, "हो. उतर आता."

कोळसे पेटवले, डबा उपडा केला. मिठाचा तडतड आवाज झाला. मिरच्या जळल्या, काळ्या झाल्या, राख झाली, पण ठसका नाही. सात मिरच्या, आणि तिघींपैकी एकीलाही साधी शिंक आली नाही. दृष्ट जबरी असली की वास येत नाही म्हणतात. आम्ही मागे न बघता गाडीत बसलो. त्या दिवशी पाच वाजता बॅग रिकामीच होती. त्यानंतर रोज रिकामी. उम्म सालिमने एकदा वर बघून विचारलं, गेली? मी म्हटलं, खलास. तिने लोबानची पुडी दिली, म्हणाली तरी जाळ.

इथेच संपलं असतं तर मी लिहिलंच नसतं.

गेल्या आठवड्यात सानिका माझ्या खोलीत आली, फोन हातात. पिलारचा मेसेज होता. तिच्याकडे नवी मुलगी आलीय राहायला, कोरियाची, एकोणीस वर्षांची. घाबरट, कमी बोलणारी. सगळं छान चाललं होतं, आणि आता ती रोज दुपारी जायची बॅग भरून ठेवते. पिलार विचारत होती, सानिका, तू तर राहिलीस ना शेवटपर्यंत, मग सांग ना, मी काय चुकते? खाली एक फोटो. गुंडाळ्या. वर पांढरे बूट. तळवे…

   आम्ही वादीत ज्याला काडी लावली ते कुठे गेलं हे आम्हाला फोटोत दिसत होतं. माझी नात घरी आली म्हणून मी निश्चिंत झाले, आणि कोणाची तरी नात त्याच पलंगावर बसलीय.

हे सगळं काय होतं, मला विचारू नका.  ती बाई कोण, तिला पाहुणे का नकोत, मिठातून ती समुद्र ओलांडून कशी आली, मला काही म्हणजे काही कळलेलं नाही. विद्या म्हणते गणितात बसत नाही. मी अजूनही भुतं मानते की नाही, तेही मला सांगता येत नाही.

पण खडेमीठ आणलंय. मिरच्या मोजून सात. आइस्क्रीमचा डबा विद्याने धुऊन पालथा घातलाय, आणि उद्या शाळेतून ती लवकर येणार आहे. माझी बॅग मी पुसून कपाटावर ठेवलीय, रिकामी. उद्या पाचला त्या पोरीशी व्हिडिओ कॉल ठरलाय. सानिका तिला काय सांगणार आहे, मला माहीत नाही. "आजीला तुला बघायचंय" एवढंच, बहुतेक.

दृष्ट काढताना नाव घ्यावं लागतं, आणि मला त्या पोरीचं नाव काही केल्या उच्चारता येत नव्हतं. मग सानिकाने ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलंय. एक वेलांटी चुकलीय बहुधा. स्वयंपाक करता करता मी सकाळपासून पाठ करतेय.